‘मोकळी सोडू नका’ असं लिहून दिलं होतं

आमची बीगल चिंगी सापडली, म्हणून हे लिहिते आहे. नसती सापडली तर लिहायला बसण्याची ताकद माझ्यात उरली नसती. दुसरं कारण असं, की ज्यांच्या बोर्डिंगमधून ती हरवली ते गृहस्थ अजून लोकांना सांगत फिरताहेत, ‘त्या बाईंची कुत्री मुळातच बिघडलेली होती. हाक मारली तरी ऐकत नव्हती.’ रोज सकाळी कुत्री घेऊन भेटणाऱ्या आमच्या मंडळींपैकी काहींनी मला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ऐकवताना चेहऱ्यावर सहानुभूती होती, पण त्यांचाही त्यावर विश्वास बसलेला दिसला. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. झालं काय ते मात्र लिहिणार आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये आता बीगल सर्रास दिसतात, आणि आज ना उद्या त्यांतल्या प्रत्येकाला कुणाच्या तरी हाती सोपवून गावाला जायची वेळ येतेच.

‘ऐकत नाही’ असा आरोप बीगलवर करणाऱ्याला ही जात कळलेलीच नसते. लांब मऊ कान, काजळ घातल्यासारखे डोळे आणि मांडीवर मावणारं अंग बघून लोकांना ते खेळणं वाटतं. स्नूपी बीगल होता एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण हे शिकारी कुत्रं आहे. इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी ते तयार केलं गेलं. 1830च्या दशकात एसेक्समध्ये फिलिप हनीवुड नावाच्या पाद्र्यानं बीगलांचा कळप बाळगला होता, आणि आजच्या बीगलांचं मूळ त्या कळपाशी नेऊन जोडतात. ही शिकार घोड्यावरून नसे, पायी असे. कळपानं सशाचा माग काढायचा, माग लागला की हेल काढून ओरडायचं, म्हणजे मागून येणाऱ्या माणसांना दिशा कळते. शेपटीचं टोक पांढरं, म्हणजे उंच गवतातही कुत्रं कुठे आहे ते दिसतं. मधेच माग सोडून माघारी येणारं कुत्रं शिकाऱ्याच्या कामाचं नव्हतं. न सोडणारी तेवढी निवडली गेली, त्यांचीच पैदास वाढवली गेली, आणि त्यांची पोरं आज आपल्या दोन बेडरूमच्या घरात सोफ्यावर झोपतात.

माझ्या मामेसासऱ्यांना हे कुठलंही पुस्तक न वाचता कळलं. ते सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. त्यांच्या वाड्यात पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या कारवान कुत्री होती. चिंगीला घेऊन आम्ही पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा त्यांनी तिला अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना नुसतं पाहिलं. ती मान वर न करता, जमिनीला नाक लावून, नागमोडी चालत होती. ते म्हणाले, “सूनबाई, ह्ये नाकाचं कुत्रं हाय. आमची डोळ्याची. डोळ्याचं कुत्रं सावज नजरंआड झालं की थांबतंय. नाकाचं थांबत न्हाई. हिला मोकळी सोडू नगा.”

एवढंच. कारवान किंवा मुधोळ नजरेनं शिकार करतात. धाव जबरदस्त, पण सावज दिसेनासं झालं की ती संपते. बीगलला सावज दिसावं लागतच नाही. सकाळी गेलेल्या मुंगसाचा वास दुपारीही त्याला पुरतो. वासामागे निघालेल्या बीगलच्या कानांवर हाक पडत नाही असं नाही, पण त्या क्षणी तिला काही किंमत नसते. ज्यांना हे मान्य करायचं नसेल त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगल ठेवले आहेत. 1984 साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्याची सुरुवात झाली. महिनोन्‌महिने शिकवून तयार केलेले, सरकारी नोकरीतले हे बीगल. तेही पट्ट्यातच काम करतात, पट्ट्याचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं. मग मुळशीच्या रस्त्यावरच्या एका बोर्डिंगवाल्याला माझी चिंगी मोकळी सोडून हाकेवर परत येईल असं का वाटावं?

आता प्रेमळपणाबद्दल. बीगल प्रेमळ असतो हे खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. चिंगी घरात आलेल्या प्रत्येकाचं स्वागत अख्ख्या अंगानं करते. मुलगी आजारी पडली की तिच्या पलंगाखालून हलत नाही. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या दादांच्या पायांत लोळते. पण याच स्वभावामुळे लोक फसतात. प्रेमळ म्हणजे आज्ञाधारक, असं धरून चालतात. आणि याच स्वभावामुळे बीगलला स्वतःचं रक्षणही करता येत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत औषधांच्या चाचण्यांसाठी कुत्र्यांमध्ये बीगलच सर्वाधिक वापरले जातात, ते याच कारणानं: आकार लहान, स्वभाव गरीब, दुखवलं तरी चावत नाहीत. 2022 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अशा पैदास केंद्रातून सुमारे 4,000 बीगल बाहेर काढले, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. असं कुत्रं हरवलं तर ते कुणाच्याही मागे शेपूट हलवत जातं. गाडीतून उतरून कुणी उचललं तर गाडीतही बसतं. चिंगी हरवली ती रात्र आम्ही हीच भीती पोटात घेऊन काढली.

घडलं ते असं. पावसाळ्यात दिराचं ऑपरेशन ठरलं आणि आम्हा तिघांनाही नाशिकला जाणं भाग होतं. बोर्डिंग आम्ही आधी जाऊन पाहिलं होतं. कुंपण तपासलं, झोपायची जागा पाहिली, पाणी कुठून येतं ते विचारलं. मी एका कागदावर मराठीत सगळं लिहून दिलं आणि तेच त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवलं. पहिली ओळ होती: ‘कुंपणाच्या बाहेर कोणत्याही परिस्थितीत मोकळी सोडू नका.’ दुसरी: ‘गळ्यातला फोन नंबरचा बिल्ला काढू नका.’ तिसरी जेवणाची. ते वाचून हसले. “ताई, माझ्याकडे सगळे मोकळेच खेळतात. सगळे ऐकतात. तुम्ही निर्धास्त जा.” मी म्हटलं, “बाकीच्यांचं मला माहीत नाही. ही ऐकणार नाही, तिची जातच तशी आहे. तुम्हाला पटत नसेल तर आत्ता सांगा, आम्ही दुसरी सोय करतो.” ते म्हणाले, “अहो, तुम्ही म्हणाल तसं.” पैसे आगाऊ घेतले. हा सगळा संवाद मी का सांगते आहे, तर नंतर त्यांनी ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असंही म्हणून पाहिलं. माझ्या मेसेजखाली निळ्या खुणा आजही आहेत.

पहिले दोन दिवस फोटो येत होते. नंतरच्या संध्याकाळीही आला. चिंगी मैदानात उभी, जीभ बाहेर, खाली ओळ: ‘मजेत आहे.’ आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. मुलीनं फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “आई, जमीन कोरडी आहे.” मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, “मावशीचा दुपारी फोन आला होता ना, पुण्यात सकाळपासून धो धो पाऊस आहे म्हणून. मग ही जमीन कोरडी कशी? सावली बघ केवढी स्वच्छ पडली आहे.”

मी लगेच फोन लावला. “आत्ताचा फोटो आहे का हा?” तर म्हणाले, “हो हो, थोड्या वेळापूर्वीचा.” व्हिडिओ कॉल करा म्हटलं. तर म्हणाले, “झोपली आहे ताई, उठवत नाही.” घड्याळात सात वाजले होते. चिंगीची जेवायची वेळ. ज्यानं बीगल पाळला आहे त्याला हे वाचताच अंगावर काटा येईल. जेवणाच्या वेळी बीगल झोपत नाही. कप्प्याचं दार करकरलं की घराच्या दुसऱ्या टोकाहून धावत येतो. मी विचारलं, “जेवली का?” ते म्हणाले, “जेवणाला फार काही उत्सुक दिसली नाही, म्हणून झोपू दिली.” त्या वाक्यावर माझे हातपाय गार पडले. जगातला कुठलाही माणूस कुठल्याही बीगलबद्दल हे वाक्य खरं बोलू शकत नाही. मी सरळ म्हटलं, “चिंगी तुमच्याकडे नाही. कधीपासून नाही ते सांगा.” बराच वेळ आवाज नाही. मग, “ताई, ती जरा बाहेर गेली आहे. येईल.”

जरा बाहेर! सकाळी पावसाची सर थांबल्यावर त्यांनी सगळी कुत्री शेताच्या बांधावर मोकळी सोडली होती. कशासाठी, तर कुत्री हिरवळीत धावताना व्हिडिओ काढायचा होता, जाहिरातीला. चिंगी झुडपात घुसली ती परत आलीच नाही. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत, भर पावसात, ती बाहेर होती. तेवढा वेळ यांनी आम्हाला कळवलं नाही, वर आदल्या दिवशीचा फोटो पाठवला. चूक एखाद्याकडून होते, ती मी एक वेळ समजून घेतली असती. पण हे तास लपवले त्याला माझ्याकडे माफी नाही. हरवलेल्या कुत्र्याच्या शोधात पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. तेच त्यांनी स्वतःची अब्रू झाकण्यात घालवले.

नवरा आणि मुलगी रात्रीच नाशिकहून निघाले. मी दिराजवळ थांबले, फोनवर. मध्यरात्रीनंतर ते पोचले तर गृहस्थ झोपायच्या तयारीत. “आता अंधारात काय दिसणार? सकाळी बघू. बाकीच्या कुत्र्यांना सोडून मला येता येणार नाही.” आणि वर तेच: “तुम्ही ट्रेनिंगच दिलेलं नाही तिला.” गळ्यातला बिल्ला कुठे आहे विचारलं तर टेबलाच्या खणातून काढून दिला. खेळताना पट्ट्यात पट्टा अडकतो म्हणून आल्या दिवशीच काढून ठेवला होता. म्हणजे ती कुणाला सापडली असती तरी आमचा नंबर त्याला मिळणार नव्हता. तो पितळी बिल्ला खणातून निघाला ते मुलीनं फोनवर मला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

सकाळी चिंगी सापडली ती तिथून बरीच दूर, रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या पालावर. तिथल्या एका बाईंनी आदल्या रात्री सुकट भाजली होती. त्या वासावर ती आली असणार. त्यांनी तिला सुतळीनं पालाच्या खांबाला बांधून ठेवलं होतं, चतकोर भाकरी घातली होती आणि पावसात भिजू नये म्हणून अंगावर खताची रिकामी गोणी टाकली होती. मुकादमाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की, “कुणाचं तरी घरातलं हाय, इचारत येतील.” ज्यांनी पैसे घेतले त्यांनी दार लावून घेतलं, आणि जिच्या स्वतःच्या डोक्यावर ताडपत्री होती तिनं माझ्या कुत्रीला कोरडं ठेवलं. त्या बाईंनी पैसे घ्यायला नकार दिला. मुलीनं फार विनवल्यावर पोरांसाठी म्हणून घेतले.

चिंगीच्या पंजाला काच लागली होती, अंगभर गोचिड्या होत्या. पुढे काही दिवसांनी ताप चढला, रक्त तपासलं तर गोचीडताप. औषधांवर बरी झाली. ती बिलं मी त्या गृहस्थांना पाठवली. उत्तर आलं, “सापडली ना? मग आता कशाला विषय वाढवताय?”

विषय वाढवते आहे, कारण तो वाढवायला हवा. आता जे सांगायचं ते सांगते.

सगळ्यात आधी पट्टा. बीगलला चौफेर कुंपण नसलेल्या जागेत पट्ट्याविना कधीही सोडू नका. टेकडीवर नाही, रिकाम्या प्लॉटवर नाही, ‘आमचा जातच नाही कुठे’ असं कितीही वाटलं तरी नाही. हाकेवर यायला शिकवा, जरूर शिकवा. चिकनचा तुकडा हातात ठेवून, लांब दोर लावून, रोज. घरात ते शंभरदा जमेल. पण मुंगूस किंवा डुक्कर गेलेल्या वाटेवर एकदा जमणार नाही, आणि तेवढं एकदा पुरतं. मोकळं धावू द्यायचं असेल तर आठ-दहा मीटरचा दोर घ्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस वापरा, कारण बीगल वासामागे अंगातली सगळी ताकद लावून ओढतो आणि गळ्याला त्रास होतो. हार्नेस दोन बोटं जातील इतपतच सैल असू द्या. मागे सरकून त्यातून निसटायची कला बहुतेक बीगलांना येते.

फोन नंबर पट्ट्यावरही हवा आणि हार्नेसवरही, कोरलेला. मायक्रोचिप बसवा, मालकी सिद्ध करायला ती उपयोगाची आहे; पण मजुराच्या पालावर चिप वाचायचं यंत्र नसतं. ब्लूटूथवर चालणारे छोटे टॅग शहरात ठीक, कारण ते आजूबाजूच्या फोनवर अवलंबून असतात. शेतात त्यांचा भरवसा नाही. परवडत असेल तर सिम कार्डवर चालणारा जीपीएस घ्या.

हरवलाच तर धावत पाठलाग करू नका, त्याला तो खेळ वाटतो. जिथून तो नाहीसा झाला ती जागा सोडू नका. हाउंड कुत्री घेऊन शिकार करणारे लोक संध्याकाळी कुत्रं परत आलं नाही तर आपला अंगातला कोट तिथेच जमिनीवर ठेवून जातात, आणि पुष्कळदा सकाळी कुत्रं त्या कोटावर झोपलेलं मिळतं. स्वतःच्याच मागावरून ते उलट परत येतं. आपणही आपली वापरलेली चादर आणि त्याचं अंथरूण तिथे ठेवावं, एकानं तिथे बसून राहावं, बाकीच्यांनी शोधावं. आणि शोधताना आधी जेवण शिजतं तिथे जा: ढाबे, चिकनची दुकानं, कामगारांच्या वस्त्या, मंगल कार्यालयांची मागची बाजू. बंगल्यांचे वॉचमन आम्हाला हाकलत होते, पण चहाच्या टपरीवाल्यानं पाल दाखवलं.

बोर्डिंगबद्दल. जागा स्वच्छ आहे, कुंपण आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही ते सगळं पाहिलंच होतं. माणसाला एक प्रश्न विचारा: “बीगल आणि लॅब्रेडॉर यांना सांभाळण्यात तुम्ही काय फरक करता?” ‘सगळी कुत्री सारखीच’ असं उत्तर आलं तर चपला घालून निघा. सूचनांवर सही घ्या. पट्टा आणि बिल्ला काढणार नाही हे त्यात लिहून घ्या. हरवलं तर किती वेळात कळवणार ते लिहून घ्या. फोटोवर समाधान मानू नका. रोज जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करा, कारण बीगल ठीक आहे की नाही हे त्याच्या जेवणावरून कळतं. पैसे देऊन घेतलेली ही सेवा आहे, त्यामुळे हयगय झाली तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पावती घ्या, मेसेज पुसू नका. शक्य असेल तर बोर्डिंगपेक्षा कुत्र्याला ओळखणारं माणूसच घरी राहायला बोलवा. आमच्या कामवाल्या मावशी आता तेच करतात, आणि त्यांच्यासारखं चिंगीला कुणी सांभाळत नाही.

बीगल अजून आणलेला नाही, नुसता विचार चालू आहे, त्यांच्यासाठी थोडं. ‘छोटी जात आहे, फ्लॅटला एकदम बेस्ट’ असं विकणारे सांगतील. आकार लहान आहे, दम लहान नाही. रोज तास-दीड तास चालणं लागतं, पावसातसुद्धा. चालणं म्हणजे ओढत नेणं नव्हे. त्याला हुंगू द्या. दहा मिनिटं मनसोक्त हुंगलेलं बीगल नुसत्याच पळवलेल्या बीगलपेक्षा शांत झोपतं. काही लोक स्कूटरला बांधून कुत्री पळवतात, ते बघून संताप येतो. ते कधीही करू नका. घरी जेवण ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, खोल्यांत ठिकठिकाणी ठेवा, शोधून खाऊ दे. चिंगीची सगळी मस्ती यानं निम्मी झाली.

ते कळपाचं कुत्रं आहे, एकटं राहू शकत नाही. दोघंही नोकरीला, घराला कुलूप, असं असेल तर आणू नका. एकटं पडलं की हेल काढून ओरडतं, आणि तो आवाज शेतं ओलांडून जावा म्हणूनच बनलेला आहे; तुमच्या भिंती त्याला पुरणार नाहीत. आमच्या सोसायटीतही सुरुवातीला तक्रारी झाल्या. आम्ही काही मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू तिला एकटं राहायची सवय लावली आणि शेजाऱ्यांशी बोललो. पण कमिटीनं ‘कुत्राच काढा’ किंवा ‘लिफ्ट वापरू नका’ अशी नोटीस दिली तर घाबरू नका. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला तेवढा हाताशी ठेवा, आणि शी उचलायला पिशवी न्या.

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर घेऊ नका. 2017च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्याआधी ते विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्यानं राज्याच्या मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. आई दाखवा म्हणा. टाळाटाळ केली तर परत या.

खाण्याबाबत घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, बसवून सांगा. बीगलचं पोट भरतं, मन भरत नाही. तो मागेल, डोळे लावून बघेल, द्यायचं नाही. वजन वाढलं की पाठीचे आणि सांध्यांचे आजार ठरलेले. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे त्याला विषासारखे आहेत; सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं. कान लांब असल्यामुळे आत हवा जात नाही, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कान उघडून बघा. आंबूस वास आला तर डॉक्टरांकडे न्या, काडी घालू नका. गोचिडीचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं बारा महिने चालू ठेवा. वेळेवर लसी, नसबंदी, स्वच्छ पाणी हे तर कुठल्याही कुत्र्याला लागतंच.

बीगल बारा ते पंधरा वर्षं जगतो. म्हणजे आज आठवीतल्या मुलानं हट्ट केला म्हणून आणलेलं पिल्लू, तो मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावरही तुमच्याकडेच असणार आहे. तेव्हाही पावसात, थंडीत, पाहुणे आलेले असताना पट्टा हातात धरून तुम्हालाच चालावं लागणार आहे. याची तयारी असेल तर याच्यासारखं माया लावणारं जनावर नाही. नसेल तर कृपा करून आणू नका.

आणि पैसे घेऊन दुसऱ्यांची कुत्री सांभाळणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जे कुत्रं तुम्हाला कळत नाही त्याला ‘नाही’ म्हणा, कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. घेतलंत तर मालकानं लिहून दिलेलं पाळा. आणि हरवलं तर त्याच मिनिटाला फोन करा.